बोटभर निळं

रोज सकाळी सहाला झेलिंदा चर्चचं दार उघडायची, आणि किल्ली फिरवण्याआधी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची. आत कोणी नसायचं. तरी ती टकटक करून तीन श्वास थांबायची, मगच कुलूप काढायची. कोणी हसलं तर म्हणायची, "दुसरीच्या घरात शिरताना सांगून शिरावं. तिला अंगावरचं सावरायला वेळ नको?"

ती दुसरी म्हणजे वेदीवरची मारिया माउली. लाकडी फळीवर रंगवलेलं, माणसाच्या छातीएवढं उंच चित्र. मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत एक छोटा पक्षी. कुणी काढलं, कधी काढलं, मोन्तेरासो गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पाचशे वर्षांच्या मेणबत्त्यांच्या धुरानं आई आणि बाळ दोघंही एकाच रंगाची झाली होती, जळक्या चेस्टनटच्या सालीसारखी. म्हणून गाव तिला 'सावळी' म्हणायचं. घंटा वाजवणारा ग्वाल्तिएरो दरवर्षी सणाला दोन पेले वाइन झाली की तेच बोलायचा, "आमची माउली उन्हात राबलेली आहे. फ्लोरेन्सच्या माउल्यांसारखी छत्रीखाली बसलेली नाही."

झेलिंदा विसाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली. नवरा अदेल्मो ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला होता. गोड स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. अडतिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. मूल नव्हतं. सासू पास्क्वा चर्चची देखभाल करायची. सुनेच्या लग्नाला तीन वर्षं झाली न झाली तोच तिनं गुडघ्यांचं कारण सांगून किल्ली तिच्या हातात दिली. किल्लीबरोबर बटाटाही आला.

आठ सप्टेंबरला माउलीचा जन्मदिवस. आदल्या दुपारी चर्चचं दार आतून लावायचं, शिडी लावायची आणि चांगला टणक बटाटा मधोमध कापून त्याच्या ओल्या बाजूनं चित्र पुसायचं. मग जुन्या मऊ कापडानं टिपायचं. वर्षभराची काजळी बटाट्यावर उतरायची, तो काळा झाला की पातळ काप काढून टाकायचा आणि पुढं चालू. पास्क्वाला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. पहिल्या वर्षी पास्क्वा खाली शिडी धरून उभी होती आणि वर बघून सांगत होती, "चेहऱ्यावर हळू. झोपलेल्या पोराचं तोंड पुसतेस असं समज. कपड्यावर लाव जोर, कपड्याला काय होतंय?"

झेलिंदानं तसंच केलं. बत्तीस वर्षं केलं. ती दुपार तिला वर्षातली सगळ्यात आवडती. शिडीवर ती माउलीच्या डोळ्यांच्या उंचीला यायची. अदेल्मो गेला त्या वर्षी ती पुसता पुसता तिच्याशी बोलली होती. काय बोलली ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

एका हिवाळ्यात चर्चचं छप्पर गळलं. पाणी फळीच्या पाठीमागून झिरपलं, लाकूड फुगलं आणि बाळाच्या पायापासून वर एक चीर गेली. फ्लोरेन्सहून दोघं जण आले, त्यांनी चित्र पातळ कागदात आणि मग घोंगडीत गुंडाळलं. झेलिंदा गाडीच्या दारापर्यंत गेली. "गाडी हळू हाका," म्हणाली, "तिला गाडीची सवय नाही."

सहा वर्षं गेली. भिंतीवर एक फिका चौकोन राहिला. झेलिंदा टकटक करतच होती.

"आता कुणाला वर्दी देतेस गं?" ग्वाल्तिएरो विचारायचा. "घरमालकीण तर गावाला गेलीय."

"सवय मोडली तर ती आल्यावर माझीच पंचाईत होईल. तू तुझी घंटा बघ."

मग फ्लोरेन्सहून पत्र आलं. फादर फोस्कोंनी ते रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर वाचून दाखवलं. काम पूर्ण झालं आहे. चित्र सध्या नदीकाठच्या चित्रांच्या मोठ्या गॅलरीत लोकांना बघायला ठेवलं आहे. ते गावाचं आहे, गावाला हवं असेल तर परत मिळेल. मात्र काचेत ठेवावं लागेल, जवळ मेणबत्ती नको, फुलं नकोत, हात नको. नसेल न्यायचं तर ते तिथंच नीट राहील आणि चर्चसाठी त्याची हुबेहूब प्रत करून देण्यात येईल. गावानं काय ते कळवावं.

गावात भांडणं लागली. चौकातल्या बारमध्ये एक म्हणाला, काचेतली माउली म्हणजे दुकानातली माउली. दुसरा म्हणाला, प्रत म्हणजे सासऱ्यानं मुलगी दाखवून दुसरीच गळ्यात बांधण्यातला प्रकार. इल्वा बेकरीवाली म्हणाली की तिची तिन्ही बाळंतपणं सावळीनं पार पाडली, चौथं तिच्या सुनेचं आहे, आणि सून काही फ्लोरेन्सच्या रांगेत उभी राहून कळा देणार नाही. शेवटी फादर वैतागले.

"पाहिलंय कुणी तिला, आता कशी आहे ती? कुणीच नाही. झेलिंदानं तिला सांभाळली, झेलिंदा जाऊन बघून येईल. रविवारी ती सांगेल तसं मी लिहीन."

"बघून काय यायचंय?" झेलिंदा म्हणाली. "मी तिला आणायलाच जातेय." आणि घरी जाऊन तिनं त्या फिक्या चौकोनाला पुरेल एवढा झालरीचा पडदा शिवायला घेतला.

गुरुवारी तिच्या भावाची मुलगी लोरियाना गाडी घेऊन आली. झेलिंदानं सणाचा काळा कोट घातला होता. मांडीवर परसातल्या डेलियांचा जुडगा, पायाशी पिशवीत पाव आणि बडीशेप घातलेलं सलामी सॉसेज.

"आत्या, तिथं खानावळी आहेत."

"असतील. आपल्या अळणी पावात मीठ घालतात म्हणे हल्ली परदेशी लोकांसाठी."

एकसष्ट वर्षांत झेलिंदा फ्लोरेन्सला पुष्कळदा आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दोनदा लग्नाच्या कापडासाठी, एकदा अदेल्मोच्या कागदांसाठी. गॅलरीत कधीच नाही. तिथं परगावचे लोक जायचे. आज तीही परगावची होती. दीड तास रांगेत जर्मन पोरींच्या मागं उभी राहिली, आणि त्यातली एक उन्हानं लाल झाली होती तिला तिनं आपला रुमाल ओला करून दिला.

दारावर फुलं अडली. खिडकीतल्या माणसानं जुडगा घेतला आणि पत्र्याचा एक बिल्ला पुढं केला.

"फुलांना बिल्ला?"

"परत जाताना मिळतील, बाई."

"मला परत नकोत. मी तिच्यासाठी आणलीत."

"इथं कुणासाठीच आणायची नसतात," तो माणूस म्हणाला. उद्धट नव्हता, थकलेला होता. लोरियानानं बिल्ला स्वतःच्या खिशात टाकला आणि आत्याला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं.

वर लांबच लांब ओवरी, छतभर चित्रं, दोन्ही अंगांना संगमरवरी माणसं. झेलिंदानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यातली बरीचशी उघडी होती आणि लोरियाना सोबत होती. पण दालनं सुरू झाली तशी ती अडकायला लागली. दालनात शिरलं की समोर माउली. सोन्याच्या पाठीवरची, बागेतली, देवदूतांच्या घोळक्यातली. झेलिंदा प्रत्येकीपुढं थांबायची, उजवा गुडघा जमिनीला टेकवायची, क्रुसाची खूण करायची आणि लोरियानाच्या हाताचा आधार घेऊन उठायची. मागून येणारे लोक अडखळत होते. एका जपानी गृहस्थांना वाटलं बाई पडल्या, ते धावत आले.

"आत्या, पुरे आता. इथं शंभर तरी असतील."

"असू देत. घरात शिरायचं आणि ओळख न दाखवता पुढं जायचं, हे मला जमत नाही."

"तुझा गुडघा जाईल."

"माझा गुडघा आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा पहारेकरी आधी हसू दाबत होता. चौथ्या दालनात तो उठला आणि तिला उठायला त्यानंच हात दिला. अकरा माउल्या झाल्या. झेलिंदाला धाप लागली होती. तिनं पुढच्या दालनात एका चित्राकडे ओझरतं पाहिलं. गोरी, गुलाबी गालांची आई. अंगावर राखाडीसर, कुठं नीट रंगवलेलं तर कुठं नुसत्या बारीक उभ्या रेघा मारलेलं वस्त्र. झेलिंदा त्याच्या शेजारून निघून गेली. ही एक राहू दे, असं तिच्या मनात आलं. काम अर्धवट सोडलेलं दिसतंय.

"आत्या." लोरियाना मागंच थांबली होती. "आत्या, इकडं ये."

भिंतीवरच्या पाटीवर गावाचं नाव होतं.

झेलिंदा परत आली. आधी तिनं बाळाची मूठ पाहिली. मुठीतला पक्षी. त्याच्या डोक्यावर लाल ठिपका होता, तो तिनं बत्तीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. मग पावलापासून वर गेलेली, आता जेमतेम दिसणारी चीर. मग तिनं वर मान केली. डोळे तेच होते. शिडीवरून जेवढ्या जवळून पाहिले होते तेवढ्याच जवळून ते तिच्याकडे बघत होते. तिला गुडघा टेकायचं सुचलं नाही.

"पाटीवर काय लिहिलंय?"

"मोन्तेरासो गावच्या चर्चमधून," लोरियाना वाचू लागली. "चित्रकार अज्ञात."

"पुढं."

"एवढंच."

"ओळी तीन दिसतायत. तू दोनच वाचल्यास."

लोरियानानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वस्त्राचा मूळ निळा रंग," ती हळू म्हणाली, "पूर्वीच्या अयोग्य सफाईमुळे नष्ट झाला आहे."

वस्त्र निळं होतं. सावळीनं निळं नेसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या सासूनं नाही, सासूच्या सासूनं नाही. तिला ओल्या बटाट्याचा थंडपणा तळहातावर आठवला, आणि खालून येणारा पास्क्वाचा आवाज. दरवर्षी कापडावर काळ्याबरोबर आणखी एक रंग उतरायचा, शाईसारखा. दोघींना वाटायचं, किती तरी मळ निघाला.

"त्या चित्रवाल्या बाई येतायत," लोरियाना घाईनं म्हणाली. "फादरनी वेळ ठरवलीय त्यांच्याशी. हे बघ, तू काही बोलायचं नाहीस. तू एकटीनं थोडंच केलंय? आणि सांगितलंस तर त्या परत द्यायच्या नाहीत. मग गावात जाऊन काय तोंड दाखवणार?"

चित्र दुरुस्त करणारी बाई कोस्तान्झा. पस्तिशीची, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात, बोटांना औषधांचा वास. तिनं झेलिंदाचा हात दोन्ही हातांत घेतला. "काकू, सहा वर्षं मी तुमच्या माउलीबरोबर होते. घरच्यांपेक्षा जास्त. कशी वाटते?"

"मी बटाट्यानं पुसायचे तिला," झेलिंदा म्हणाली.

लोरियानानं डोळे मिटून घेतले.

"दरवर्षी. बत्तीस वर्षं. चेहऱ्यावर हळू आणि कपड्यावर जोरात."

"बटाट्याचं पीठ सापडलं होतं मला," कोस्तान्झा म्हणाली. "रंगाच्या भेगांमध्ये. पहिल्या महिन्यातच. हात कुणाचा, तेवढं माहीत नव्हतं." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "चेहरा अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाचा आहे, तो टणक असतो. निळा सरसात कालवलेला. तो पाण्याला भितो. तो गेला तिथं मी नुसत्या रेघा भरल्यात. तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं, पण सांगणार कोण? आणि चेहऱ्यावर हळू म्हणालात ना? या काळातला इतका शाबूत चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही."

झेलिंदाला त्यातलं शेवटचं ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. "सगळाच गेला? निळा?"

"इथं बघा."

फळीच्या डाव्या कडेला, जिथं जुनी चौकट चित्रावर बसायची आणि हात पोचायचा नाही, तिथं बोटभर रुंदीची एक पट्टी राहिली होती. निळी. दिवस मावळल्यावर डोंगरामागं थोडा वेळ राहतो तसा निळा. झेलिंदानं तिच्याकडे वाकून पाहिलं. तिचा हात आपोआप वर गेला, बोट पट्टीपासून वीतभर अंतरावर असताना कर्कश घंटा वाजली आणि सगळं दालन वळून बघू लागलं. पहारेकरी उठला, कोस्तान्झानं त्याला हातानंच बसवलं.

झेलिंदानं हात मागं घेतला. दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि तसाच धरून ठेवला.

"आता तुम्ही परत देणार नाही," ती म्हणाली.

"का नाही? ती तुमची आहे. आजही तुम्ही हो म्हणालात तर महिन्याभरात पोचेल."

"काचेत?"

"काचेत."

"आणि काचेची किल्ली?"

"चर्चची राखण करणाऱ्याकडे. तुमच्याकडेच."

एक शाळेची सहल आली आणि गेली. मग झेलिंदा म्हणाली, "त्या पाटीवर एक बदल करा. अयोग्य लिहू नका. लोकांना वाटेल गावात दारुडे राहतात. बटाट्यानं, असं लिहा. सणासाठी, असं लिहा."

"लिहीन," कोस्तान्झा म्हणाली.

परतीच्या वाटेवर लोरियाना रागावून गाडी चालवत होती. अर्ध्या रस्त्यात तिनं विचारलं, "निदान रविवारी तरी गप्प बसशील का?" डेलिया गॅलरीतच राहिल्या होत्या.

रविवारी मिस्सा संपली तरी कोणी उठलं नाही. फादरनी खूण केली. झेलिंदा वेदीपुढं जाऊन उभी राहिली. तिला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती, तिनं शेवटच्या बाकावर बसलेल्या ग्वाल्तिएरोकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"तिला तिथंच राहू दे."

"अगं, तू आणायला गेली होतीस ना?" ग्वाल्तिएरो तिथूनच ओरडला. "पडदा शिवलास की!"

"गेले होते. अकरा जणींपुढं गुडघा टेकला आणि आपल्या सावळीच्या शेजारून निघून गेले. ओळखलं नाही मी तिला. ती गोरी आहे. तिचं वस्त्र निळं होतं, ते मी पुसून टाकलं. मी, आमच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई. बटाट्यानं."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग इल्वा उठली. "म्हणजे काय, धूळ बसू द्यायची होती सणाला? लोक काय म्हणाले असते?"

"तेच म्हणते मी इल्वा. तू पण पुसशील. सून बाळंत झाली की तू काच उघडायला सांगशील, आणि किल्ली माझ्याकडे असेल, आणि मी उघडीन. माझा हात राहायचा नाही. मला माझा हात माहीत आहे." तिनं हात कोटाच्या खिशात घातले. "बोटभर निळं उरलंय. ते तिथं उरेल."

इल्वा तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. सून सुखरूप बाळंत झाली तरी नाही. बेकरीत झेलिंदाला पाव तिची मुलगी द्यायची. झालरीचा पडदा झेलिंदानं उसवला आणि त्या कापडाच्या उशीच्या खोळी केल्या. वसंतात प्रत आली. रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, कशी करू, आताची की पूर्वीची? गावानं एकमतानं कळवलं, आमची सावळीच करा. तेवढ्यावर मात्र भांडण झालं नाही. झेलिंदानं तीही सांभाळली, पण ती पुसायला पिसांचा कुंचला घ्यायची आणि शिडीवर चढताना काही बोलायची नाही.

त्यानंतर दरवर्षी सात सप्टेंबरला ती एकटी बसनं फ्लोरेन्सला जायची. परगावच्या लोकांत रांगेत उभी राहायची, पिशवी खिडकीत द्यायची, बिल्ला घ्यायची. फुलं नेत नसे. इतर माउल्यांना ती आता लांबूनच मान लववायची, गुडघ्यांनी दगा दिला होता. आपल्या चित्रापुढं हात पाठीमागं बांधून, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून अर्धा तास उभी राहायची. पाटी बदलली होती. कधी एखादा परदेशी पाटी वाचून हसला तर ती त्याच्याकडे बघून मान डोलवायची, जणू तिनंच त्याला ती गोष्ट सांगितली आहे.

पहारेकरी बदलले, पण एकमेकांना सांगून जात असावेत. एका वर्षी एक नवा तरुण पहारेकरी तिला बघून उठला. "काकू, बटाटा आणलात का?"

"आज उकडून खाल्ला," ती म्हणाली, आणि त्यानं आपली खुर्ची तिच्यासाठी पुढं ओढली.

असं अकरा वर्षं चाललं. बाराव्या वर्षी ती गेली नाही. पायांवर सूज होती. लोरियाना तिला आपल्या घरी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात खिडकीशी आरामखुर्ची टाकून दिली. नोव्हेंबरात, ऑलिव्हची तोडणी चालू असताना, एका सकाळी लोरियाना तारेवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा झेलिंदाची मान एका बाजूला कलली होती आणि हात मांडीवर उताणे पडले होते. चुलीवर पांढरा घेवडा शिजत होता.

लोरियाना बाहेर जायला निघाली तेव्हा झेलिंदानं मागून हाक मारली होती. लोरियाना दारात थांबली, तेव्हा म्हणाली होती, "घेवड्याखालची आच कमी करून जा. फार उकळला की साली सुटतात."